हाव म्हणजे हो

आबांना आडनावांचं वावडं होतं. नोकरीचा अर्ज हातात आला की ते आधी त्याची वरची कड मागे दुमडायचे, अंगठ्याच्या नखानं घडी पक्की करायचे आणि मगच चष्मा लावायचे. आडनाव घडीत गेलं की माणूस वाचायला हे मोकळे. समोरच्याला नाव विचारायचे, गाव विचारायचे, आणि मग नावही सोडून देऊन गावाच्याच नावानं हाक मारायचे. त्यामुळे आमच्या कारखान्यात यंत्रावर 'असोदा' उभा असायचा, गोदामात 'धरणगाव' बसायचा, आणि पारोळ्याचे दोघं होते म्हणून त्यातला एक 'धाकटा पारोळा' होता, जरी तोच वयानं थोरला होता. मी धुळ्याची, पांझरेपलीकडच्या देवपुरातली, म्हणून मी 'देवपूर'. माझं नाव ओळखपत्रावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं आणि दिवसभर गळ्यात लोंबत होतं. आबांनी ते कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या चटयांचा. तिथे कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे वर्षानुवर्षं एकटे आबा ठरवत आले होते. त्यांच्या दारावर 'कार्मिक अधिकारी' अशी पत्र्याची पाटी होती. जगात त्या खात्याचं नाव बदलून एचआर झालं, पाटीवरचा रंग मात्र दर दिवाळीला तोच मारला जायचा. मी पुण्याला एमबीए करून त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा माझ्या पदाच्या नावात 'टॅलेंट' होतं, 'अ‍ॅक्विझिशन' होतं आणि आणखीही काहीबाही होतं. आबांनी माझं नेमणुकीचं पत्र सावकाश वाचलं आणि म्हणाले, "एवढं लिहायला आपल्याकडे दार नही."

पुण्यात आमच्या एका प्राध्यापकांनी तासभर समजावून सांगितलं होतं, की आता पुढारलेल्या कंपन्यांत उमेदवाराचं नाव झाकून अर्ज वाचतात, म्हणजे निवड निष्पक्ष होते. जळगावला येऊन पाहते तर हे काम आबा नखानं करत होते. मी कौतुकानं तसं सांगितलं. ते म्हणाले, "आडनाव ऐकलं की कान वाकडा होतो. मग माणूस सरळ ऐकू येत नही."

पण नुसतं एवढंच सांगितलं तर मी आबांना देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. गावावरूनसुद्धा माणसाचं बरंचसं कळतंच, आणि आबांना खानदेशातलं झाडून सगळं माहीत होतं. या गावचं पाणी खारं म्हणून माणसं चिवट. त्या गावाला सकाळची एसटी नाही म्हणून पोरगा उशिरा येणार. तिसऱ्या गावात केळीवाले पैसेवाले, तिथला पोरगा पहिल्या उन्हाळ्यातच पळणार. आडनावाची अढी काढून त्यांनी गावाची घातली होती, एवढंच. मी हे तोंडावर म्हटलं तेव्हा ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "मग काय करू? उमेदवार आभाळातून पडला समजू?"

मुलाखत ते खोलीत घेतच नसत. उमेदवार आला की पायात चपला सरकवायच्या आणि त्याला घेऊन आवारात चालायला लागायचं. गेटपासून प्लास्टिक दाण्याच्या पोत्यांवरून, यंत्रांच्या शेडमधून, मागच्या करंजाच्या झाडापर्यंत आणि परत. जळगावचा मे महिना असो की काही असो. "बसलेला माणूस पाठ केलेलं बोलतो," त्यांचं म्हणणं. "चालता माणूस धापेसंगं खरं बोलून जातो." पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या मागे मागे फिरले आणि घरी आईला फोन करून सांगितलं, की माझी नोकरी एचआरची नसून पायी दिंडीची आहे.

चालता चालता ते कामाचं काहीच विचारत नसत. काम काय, शिकवू की, म्हणायचे. त्यांचा ठरलेला प्रश्न होता: घरात भांडण झालं तर आधी कोण बोलतं? एका गृहस्थानं उत्तर दिलं, "बायको बोलते." "आणि तू काय करतोस?" "मी जेवून घेतो." आबा तिथेच थांबले आणि म्हणाले, उद्यापासून ये. तो अजूनही तिथे आहे, धागा गुंडाळायच्या वाइंडिंगवर, आणि त्याच्या पाळीत कधी तंटा झालेला नाही. याउलट एका चांगल्या शिकलेल्या, इस्त्रीच्या कपड्यातल्या मुलानं सांगितलं, की आमच्या घरात भांडणच होत नाही. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "एक तर हा खोटं बोलतो," मला म्हणाले, "नही तर याच्या घरी याला कोणी विचारत नही."

या असल्या पद्धतीनं घेतलेली माणसं टिकायची, हे मात्र खरं. मी हिशेब मांडून पाहिला नाही, पण आजूबाजूच्या कारखान्यांत माणसं पावसाळ्यातल्या किड्यांसारखी येत-जात आणि आमच्याकडे लोकांची पोरं मोठी होऊन दहावीचे पेढे घेऊन यायची. पेढे आधी आबांना. बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला समजायचं. भाजीवाल्याचा भाऊ आमच्याकडे, पंक्चरवाल्याचा जावई आमच्याकडे. जो तो थांबवून सोबतच्याला सांगायचा, "या आबांनीच मला लावलं." आमच्याकडे नोकरी लागत नाही, कोणीतरी लावतं. आबा हात झटकायचे, "मी काय लावलं, तुझं नशीब," असं म्हणायचे, पण ते ऐकताना त्यांची चाल हळू व्हायची आणि मान किंचित त्या बाजूला वळायची. त्यांना ते फार आवडायचं. माणसाला काहीतरी आवडावंच लागतं.

घरी ते रमत नसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हे डोळ्यावर हिरवी पट्टी लावून गेटवर वॉचमनच्या स्टुलावर येऊन बसले. मी रागावले. म्हणाले, "एका डोळ्यानं माणूस पूर्ण दिसतो, पाहून घेतलं. आता दुसऱ्याची काळजी नही."

मग आमचा कारखाना पुण्याच्या एका कंपनीनं विकत घेतला. जुने शेठ हार घालून निघून गेले आणि दर सोमवारी भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचे साहेब दिसू लागले. साहेब तसे वाईट नव्हते. तरुण होते, घाईत असत, आणि सगळ्यांना 'जी' लावत. त्यांनी सांगितलं, की नवी शेड उभी राहते आहे, तिच्यासाठी बरीच माणसं लागतील, आणि ही भरती नव्या प्रणालीनं होईल. गावोगाव मोबाइलवर जाहिरात जाईल. ज्याला यायचं त्यानं नंबर टाकायचा. मग त्याला फोन येईल, फोनवर संगणकच मराठीतून प्रश्न विचारेल, उत्तरं ऐकून गुण देईल आणि यादी तयार करेल. माणसाचा हात कुठे लागायला नको.

"आणि ही भरती नीट पार पडली," साहेब पुढे म्हणाले, "तर जळगावचं भरती ऑफिस आपण बंद करू. आबाजींची तीनेक वर्षं राहिली आहेत, त्यांना मानानं मोकळं करू."

आबा माझ्या शेजारी बसले होते. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "साहेब, आवाज तुटून राहिला." आवाज अजिबात तुटत नव्हता. साहेबांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. आबा पुन्हा म्हणाले, तुटतो आहे. शेवटी साहेबांनी ते मेलवर पाठवलं, आणि मेल मी वाचून दाखवला.

त्या दिवशी मला नव्या प्रणालीचा राग आला नाही, हे कबूल केलं पाहिजे. मी तिच्याच बाजूची होते. आबांच्या काळात भरतीची जाहिरात म्हणून कधी निघालीच नव्हती. चहाच्या टपरीवर कळायचं, कामावरचा माणूस आपल्या मेहुण्याला सांगायचा, मेहुणा यायचा. ज्याचा कोणी आत नाही, त्याला कळायचंच नाही. आणि बाया तर नाहीतच. मी आबांना एकदा विचारलं होतं, की यंत्रावर बाया का नाहीत. "अर्जच करत नही," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. आवारभर अनोळखी म्हाताऱ्याच्या मागे घरातल्या भांडणाची हकिगत सांगत फिरायला कोणती बाई येणार होती, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

जाहिरात मोबाइलवर गेली आणि नंबर येऊ लागले. जामनेरकडून, पाचोऱ्याकडून, इकडे एरंडोल-पारोळ्याकडून. त्यात बायांचे पुष्कळ. घरात बसून, भाकरी थापता थापता उत्तरं देता येत होती ना. कामगारांनी त्या आवाजाचं नावही पाडून टाकलं: फोनवाली बाई. कोणाच्या वहिनीला तिचा फोन आला, कोणाच्या सासूला आला. मी खूश होते. आबा रोज सकाळी येऊन विचारायचे, "काय म्हणते तुमची बाई?" आणि उत्तर न ऐकता चपला सरकवून करंजाच्या झाडापर्यंत एकटेच फिरून यायचे. आता बरोबर चालायला कोणी नव्हतं.

मग पहिली यादी आली. तिच्यात खेड्यांतलं जवळजवळ कोणी नव्हतं. शहरातली मुलं होती, कॉलेजची. चटईच्या यंत्रावर त्यांतलं एक महिनाभर टिकलं असतं तर मी पेढे वाटले असते. सोमवारी पुण्याचे साहेब जरा अवघडून म्हणाले, "रागावू नका, पण तुमच्या भागातले लोक जरा उद्धट आहेत का? रिपोर्ट सांगतो की ते प्रश्नाला उलट प्रश्न करतात. 'तीन पाळ्यांत काम कराल का?' तर म्हणे, 'कसं?' 'सुरक्षेचे बूट घालाल का?' तर म्हणे, 'कसं?' सहकार्याची वृत्ती कमी, असा शेरा आहे बहुतेकांवर."

मी दुपारचा डबा उघडला आणि कानाला हेडफोन लावून ती संभाषणं ऐकायला लागले. पहिल्याच माणसाला बाई विचारते, तीन पाळ्यांत काम करण्याची आपली तयारी आहे का. तो म्हणतो, "हाव." दुसरा म्हणतो, "हाव हाव." आणि पडद्यावर त्या यंत्रानं त्याच्या तोंडी इंग्रजीतलं 'हाऊ' लिहून ठेवलेलं. हाऊ, म्हणजे कसं.

पुस्तकातल्या मराठीत हाव म्हणजे अधाशीपणा. आमच्याकडे हाव म्हणजे हो. पुण्याच्या होस्टेलमध्ये मुली हसायच्या म्हणून मी तोंडाला 'हो'ची सवय लावून घेतली होती, पण आजीचा फोन आला की पहिलाच शब्द तो निघायचा. यंत्राला कोणी आजी नव्हती. अख्ख्या खानदेशानं नम्रपणे होकार दिला होता आणि यंत्रानं तो उर्मटपणा म्हणून नोंदवला होता.

मी आबांना बोलावून हेडफोन दिले. ते आयुष्यात पहिल्यांदा लावत होते, त्यामुळे हेडफोन उलटे बसले आणि एक कान मोकळाच राहिला. थोडा वेळ ऐकलं आणि त्यांना हसू फुटलं. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मनापासून काही वाटलं की आबा धुळ्याकडच्या आपल्या गावच्या बोलीत शिरायचे. "देवपूर," म्हणाले, "हाई यंत्र इंग्रजी शाळामा शिकेल शे."

मग मी पुढची लावली. ती जामनेरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या बाईची होती. मागे कुकरची शिट्टी, एक पोर रडतंय. फोनवाली बाई विचारते, ही प्रत्येक प्रश्नाला आधी "हाव" म्हणते आणि मग घाईघाईनं पुढे सांगू लागते, की शिलाई येते, उभं राहायची सवय हाये, सासू पोराले पाह्यते. दर वेळी यंत्र म्हणतं, उत्तर समजले नाही. ती पुन्हा म्हणते, हाव. आवाज जरा मोठा करून, जसं बहिऱ्याशी बोलतात तसं. शेवटी यंत्र म्हणतं, धन्यवाद, आपला अर्ज पुढे नेता येणार नाही. मग ती म्हणते, "बरं बाई," आणि फोन ठेवते.

आबांनी हेडफोन काढले. तशाच आणखी आहेत का, विचारलं. मी म्हटलं, खूप आहेत. ते उठले नाहीत, चपलाही शोधल्या नाहीत.

मला तेव्हा एक गोष्ट लखलखीत दिसली, आणि ती मी बोलून टाकली. "आबा, हा रिपोर्ट जसाच्या तसा पुण्याला जाऊ द्या. आपण मध्ये पडायचंच नाही. ही मुलं महिनाभरात पळतील, शेड रिकामी पडेल, प्रणाली नापास. पुन्हा तुमच्याकडेच येतील. ऑफिस वाचेल." मला त्यांना वाचवायचं होतं. तोवर मला त्या माणसाचा इतका लळा लागला होता की यंत्र, निष्पक्षपणा, प्राध्यापक सगळं मी गुंडाळून ठेवायला तयार होते. आबा नसलेला कारखाना मला नको होता.

ऑफिस बंद म्हणजे काय, हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सकाळी उठायचं आणि जायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो लहान नव्हता.

मग म्हणाले, "यंत्र फेल व्हयनं तं ह्या बाया कोठे जातीन?"

मी म्हटलं, तुम्ही घ्या ना त्यांना.

"मना दारशी बाया कव्हय उन्यात का?" ते म्हणाले. माझ्या दाराशी बाया कधी आल्या का. "नही उन्यात. एवढा साल मी बसेल शे आठे, एक नही उनी. त्या फोनवर उन्यात."

मी पुन्हा काहीतरी सांगू लागले. त्यांनी हात वर केला. "त्या बाईनी तीनदाव 'हाव' सांगं. आते आपण 'नही' सांगानं का?" आणि मग ऑफिसच्या भाषेत, अगदी कोरडेपणानं: "पुण्याला फोन लाव. म्हणावं, तुमची बाई बहिरी आहे, तिचा कान आम्ही उघडून देतो."

पुढचे काही दिवस आमच्या ऑफिसात जे चाललं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगवेगळ्या माणसांच्या तोंडचे होकार हवे होते. आबांनी जेवणाच्या सुट्टीत एकेकाला बोलवायला सुरुवात केली. 'असोदा' आला, 'धरणगाव' आला, दोन्ही 'पारोळे' आले. फोनसमोर उभं राहायचं आणि हो म्हणायचं. पण मुद्दाम हो म्हण म्हटलं की माणूस पुस्तकातलं 'होय' म्हणतो. तेव्हा आबा फोन हातात धरून त्यांना अचानक विचारायचे, "काय रे, जेवलास का?" आणि तो सहज म्हणून जायचा, "हाव ना." की झालं. असे कितीतरी होकार जमले. हाव, हाव ना, हा भाऊ, मंग, तं काय. फिटर चाचा जळगावातच जन्मले-वाढले, ते "हौ" म्हणाले, आणि त्यावरून यंत्र पुन्हा अडलं. कँटीनची अक्का तर बोलतच नव्हती, नुसती मान हलवायची. आबा तिला म्हणाले, "अक्का, फोनले मान दिसत नही." ती म्हणाली, "मंग तो काय कामाचा?"

नकारांची भानगड त्याहून मोठी. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. "पाहू" म्हणजे नाही. "येसू ना कधी" म्हणजे तर नाहीच नाही. सॉफ्टवेअरवाला मुलगा पुण्याहून फोनवर विचारायचा, सर, मग 'बघतो' म्हणजे? आबा त्याला समजावायचे, की 'बघतो' म्हणजे नाही, 'बघतो ना' म्हणजेही नाही, पण 'बघतो ना भाऊ, तू काळजी नको करू' म्हणजे हो. तो मुलगा शेवटी रडकुंडीला आला असावा.

आणि आबांनी एक अट घातली. 'उत्तर समजले नाही' हे वाक्य काढून टाकायचं. का, तर ज्याला समजलं नाही त्यानं कमीपणा घ्यावा, सांगणाऱ्यानं नाही. त्याऐवजी बाईनं म्हणायचं, "ताई, परत सांगता का?" किंवा "भाऊ, परत सांगता का?" सगळे प्रश्नही त्यांनी सोपे करून दिले. 'आपली तयारी आहे का'चं 'जमेल का' झालं. आवाज बाईचाच राहिला, वाक्यं सगळी आबांची. भांडणाचा प्रश्नही घालायचा त्यांचा फार आग्रह होता. तो मी घालू दिला नाही, आणि त्यावरून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग ज्यांना ज्यांना नाकारलं होतं त्या सगळ्यांना फोनवाल्या बाईनं पुन्हा फोन केले. दुसरी यादी आली. तिच्यात खेडी होती, बाया होत्या, आणि आडनावांचा रकानाच नव्हता. सोमवारी साहेब इतके खूश होते की पडद्यातून बाहेर येतात की काय असं वाटलं. "ब्रिलियंट, आबाजी," म्हणाले. "आता बाकीच्या जिल्ह्यांतही हेच वापरू." आणि त्याच बैठकीत, त्याच सुरात, महिनाअखेरची तारीख सांगितली. त्या वेळी आवाज तुटतो असं आबा म्हणाले नाहीत. "चांगलं झालं," एवढंच म्हणाले.

त्यांचा शेवटचा दिवस आणि नव्या शेडचा पहिला दिवस एकच आला. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही, म्हणाले, उन्हाळ्यात हार लवकर सुकतात. खोली रिकामी केली, कापडी पिशवीत डबा आणि चष्म्याचं घर टाकलं, आणि निघायच्या आधी गेटवर जाऊन उभे राहिले. नवी माणसं येत होती. रिक्षांतून, मोटरसायकलींवरून, एसटीच्या थांब्यावरून चालत. आबा सवयीनं जरा पुढे झाले. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं. कार्ड दाखवून, अंगठा टेकवून जो तो आत जात होता. कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा अख्खी तुकडी त्यांच्या अंगावरून गेली आणि "नमस्कार आबा" कोणीही म्हणालं नाही. मी मागे उभी होते. मला वाटलं, धावत जाऊन त्या सगळ्यांना ओरडून सांगावं, हे कोण आहेत ते.

तेवढ्यात एक बाई गोंधळून थांबली. हिरवी साडी, हातात जेवणाची पिशवी. आबांना वॉचमन समजून विचारलं, "काका, नवी शेड कोणती?" आबा म्हणाले, "चला, दाखवतो," आणि तिला घेऊन निघाले. मीही मागोमाग गेले. चालता चालता त्यांनी गाव विचारलं. तिनं जामनेरच्या पलीकडचं नाव सांगितलं. तो आवाज मी हेडफोनवर ऐकलेला होता. आबांनीही ओळखला, कारण त्यांची चाल एकदम मंदावली.

"तुम्हाला कोणी लावलं इथे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आमचं कोणी नाही इठी. फोनवर एक बाई हाये, तिनंच इचारलं. पह्यल्यांदा तिले माझं समजलंच नाही. मंग तिनंच परत फोन केला. 'ताई, परत सांगता का' म्हने. एवढ्या आदरानं तं मले घरात कोणी इचारत नाही, काका."

आबांनी शेडच्या दाराकडे बोट केलं.

"ते बाई आपल्याकडचीच असंल," ती म्हणाली. "तुम्ही इठलेच ना? तिले भेटले तं माझा नमस्कार सांगजा."

"सांगतो," आबा म्हणाले.

ती शेडमध्ये गेली. आबा उन्हात तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही खटाटोप केला नाही. "ऐकं का, देवपूर? कोणीच नही लावं तिले. कोणाना उपकार नही तिनावर." ते इतक्या समाधानानं म्हणाले, की जणू आजवर लावलेल्या सगळ्या माणसांपेक्षा ही एक, जिला त्यांनी लावलं नव्हतं, त्यांना जास्त आपली वाटत होती. मग पिशवी खांद्यावर नीट केली. "तिनी त्या बाईले नमस्कार सांगेल शे. तेवढा पोचाडी दे."

मी त्यांच्यासमोर वाकले आणि तो जागच्या जागी पोचवला.